सूर चोख, पण उशिरा

गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर नव्याने घेतलेला माणूस आधी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, शोधतो आणि यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडतो. 96,000 असताना 44,100 का घ्यायचे? कारण ध्वनिलहर पकडायला तिच्या वारंवारितेच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात, आणि माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या पुढे जवळपास बहिराच असतो. (44,100 हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज त्याच टेपवर साठवत. एका रेघेत 3 नमुने, एका फील्डमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या अर्ध्या चित्रात, 245 रेघा, सेकंदाला 60 फील्ड. गुणाकार करून पाहा.) व्हिडिओसाठी काम असेल तर 48,000 ठेवा. बिट डेप्थ, म्हणजे एक नमुना किती बिटांत मोजायचा ते, मात्र 24च घ्या. मग आवाज फाटू नये म्हणून पातळी बरीच खाली ठेवली तरी बारकावे खरखरीत बुडत नाहीत.

खरा घोळ वेळेचा असतो. संगणक नमुने एकेक करून पाठवत नाही, गठ्ठ्याने पाठवतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. 44,100 ला 256 नमुन्यांचा बफर 5.8 मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्यात ध्वनी हवेतून 2 मीटर जातो. स्पीकर इतका लांब असला तर कुणाचं काही बिघडत नाही. 1024 केलात की 23 मिलिसेकंद, म्हणजे 8 मीटर, आणि द्रुत लयीत वाजवणारा अडखळू लागतो. गायकाला तर हा उशीर दोनदा सोसावा लागतो, माइककडून आत येताना आणि हेडफोनकडे जाताना. बफर फारच लहान केला तर प्रोसेसर गठ्ठा वेळेत भरू शकत नाही आणि ट्रॅकवर टकटक उमटते. म्हणून रेकॉर्डिंगला 128 किंवा 256, मिक्सिंगला बेलाशक 1024.

मिडी ही वाद्य आणि संगणक यांच्यातली भाषा. तिच्यात आवाज नसतोच, फक्त निरोप असतात: कुठली पट्टी, किती जोरात, केव्हा. 1983 साली आलेल्या मूळ मिडी केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एका सुराच्या निरोपाला जवळपास 1 मिलिसेकंद. दहा बोटं एकदम पडली तर शेवटचा सूर सुमारे 9 मिलिसेकंद मागे. यूएसबीवर ही चिंता फारशी उरत नाही.

सॉफ्टवेअर एका मात्रेचे बहुधा 480 किंवा 960 टिक, म्हणजे बारीक भाग, करतं. 480 ला 3, 4, 5 ने भाग जातो, 7 ने नाही; पण मिश्र जातीत, म्हणजे मात्रेचे सात भाग करताना, पडणारी चूक अर्ध्या टिकच्या आत राहते, ती कुणालाच ऐकू येत नाही. ऐकू येतो तो क्वांटाइझ. हे बटण प्रत्येक आघात जवळच्या रेघेवर नेऊन बसवतं. रेघा मात्रेच्या चार भागांच्या असतील आणि तुम्ही तिस्र, म्हणजे मात्रेत तीन आघात, वाजवलं असेल, तर 480 पैकी 160 व्या टिकवरचा आघात 120 वर जातो, 320 वरचा 360 वर. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत ही सरक 42 मिलिसेकंदांची होते आणि सरळ तिस्र लंगडं वाजतं. क्वांटाइझ करायचंच असेल तर आधी रेघा तीन भागांच्या करा, आणि त्याचा जोर शंभर टक्के ठेवू नका.