४२९४९६७२९७

४,२९,४९,६७,२९७ (२^३२ + १) ही फर्मा संख्यांच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतली पुढची संख्या. आधीच्या संख्येतून १ वजा करायचा, वर्ग करायचा आणि १ मिळवायचा की ती येते. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत; म्हणून सगळ्याच मूळ असाव्यात, असा अंदाज प्येर द फर्माने १६४० मध्ये मांडला. लेओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये तो खोटा ठरवला : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६४१ शोधायला अंदाधुंद भागाकार लागत नाहीत. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ या रूपाचा असतो. त्या यादीतल्या १२९, ३८५, ५१३ या मूळ नाहीत. २५७ स्वतःच फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे तीही बाद. म्हणजे पहिलाच भागाकार ६४१ ने!

तोही टाळता येतो. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ आणि तिच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५^४ × २^२८ ची, बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ हेही खरे; तेव्हा ५^४ च्या जागी −२^४ ठेवला की −२^३२ ची बाकी १ येते. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो.

दुसरा अवयव मूळ आहे हे चार भागाकारांत कळते. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८९ पेक्षा कमी आहे आणि तिथपर्यंत वरच्या रूपाच्या ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढ्याच मूळ संख्या उरतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला असे दोन प्रकार संभवत नाहीत. शिवाय अवयवही यातूनच निघतात. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८ यांचा मसावि ८; याच जोड्यांच्या बेरजा १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०. दोन्हींची निमपट घेतली की ४² + २५² = ६४१.

२ हा पाया घेऊन फर्माची मूळत्वाची कसोटी (संख्या मूळ असेल तर पायाच्या, तिच्याहून १ ने कमी असलेल्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ येते) लावली तर मात्र ही संख्या फसवते : २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १, आणि तपासायचा घात २^३२ हा ६४ च्या पटीत. ३ हा पाया घेतला की बिंग फुटते.

हिच्यापेक्षा २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ हा पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार आहे. तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने तत्त्वतः काढता येतो. ४२९४९६७२९७ बाजूंचा नाही.

संगणकावर पडताळताना ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक वापरू नये. त्यात जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावते. त्यामुळे ही संख्या १ म्हणून साठते आणि ६४१ ने भागल्यावर बाकी १ दिसते. ६४ बिट घ्यावेत.