गाणे शिकणाऱ्या पोराला पोसायचे कोणी?

गोव्यात गळ्याचे आणि हाताचे गुणी मूल मिळत नाही, अशी तक्रार कधी कुणी केलेली नाही. अडते ते पुढे. दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत असे मूल घरात काही आणत नाही, उलट गुरूची बिदागी, वाद्य आणि येण्याजाण्याचे पैसे मागते. हातावर पोट असलेल्या घराला ही दहा वर्षे पेलत नाहीत. त्यामुळे गोव्यातल्या गरीब मुलांच्या संगीत शिक्षणाचा इतिहास बघायचा तर ती दहा वर्षे कोणी उचलली आणि बदल्यात काय घेतले, हेच बघावे लागते.

सर्वांत जुना आधार देवळाचा. फोंडा, पेडणे, सांगे या भागांतल्या देवस्थानांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांत गाणे, नाच, सारंगी, तबला घरातच शिकवला जाई. उत्सव आणि पालखीची सेवा ठरलेली, त्यावर घर चाले. शिक्षण फुकट होते खरे, पण मुलीचे आयुष्य त्या सेवेला गहाण पडे आणि जन्माने त्या घरातले नसलेल्या मुलाला दार बंद असे. केरीच्या गायिका केसरबाई केरकर, कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर, तबलावादक लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर ही माणसे या परंपरेतून वर आली. त्यांचे गुणगान करताना ती किंमत आपण सहसा विसरतो.

शिवाय देऊळ फार तर पायाभरणी करी. पुढची तालीम गोव्याबाहेर होती. केसरबाईंनी 1921 मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतले. त्यामागे मुंबईतल्या धनिकांचे पाठबळ होते. 1904 साली जन्मलेल्या मोगूबाईंना तसे कुणी नव्हते. त्या लहानपणीच नाटक कंपनीत गेल्या. आई लवकर गेली. आजारपणात सांगलीला असताना खाँसाहेबांच्या कानावर त्यांचा रियाज पडला आणि तालीम सुरू झाली. मध्ये ती तुटलीही; गंडा बांधायला 1934 साल उजाडले. दोघी एकाच घराण्याच्या, दोघी गोव्याच्या, पण पाठीशी पैसा असणे आणि नसणे यातला फरक एवढा मोठा.

नाटक कंपनी हे गरिबाचे दुसरे गुरुकुल. दोन वेळचे जेवण, राहायची सोय, वर गाण्याची तालीम. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर 1914 च्या सुमारास किर्लोस्कर कंपनीत गेले आणि 1918 मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. पण आवाज फुटला की बालनटाचे काय होई, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बोलपट आले, कंपन्या बसल्या आणि हा आधारही गेला.

ख्रिस्ती वस्ती मोठी असलेल्या साष्टी-बार्देशात हेच काम चर्चच्या शाळेने केले. गावातला मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. मोबदल्यात रविवारी मिस्साला (प्रार्थनेला) आणि फेस्ताला (चर्चच्या सणाला) वाजवायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ‘चिक चॉकलेट’ या टोपणनावाने ओळखले जाणारे हळदोण्याचे वादक अशांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वाद्यवृंद भरून काढले. स्वरलिपी वाचता येणे हीच त्यांची रोजीरोटी ठरली. या शाळांनी मुख्यतः मुलगेच घडवले, तेही ख्रिस्ती.

विसाव्या शतकात संस्था आल्या. 1952 मध्ये आन्तोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत आकादेमिया द मुझिका काढली. 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि भारतीय व पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण एका छत्राखाली आले. जात, धर्म, घराणे विचारले जात नाही, हा बदल लहान नाही. केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात पारंपरिक कलावंत घरांतल्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या आहेत. पण पणजीतल्या वर्गाची फी भरली तरी सत्तरी किंवा काणकोणासारख्या दूरच्या तालुक्यातल्या मुलाला संध्याकाळच्या वर्गानंतर परतीची बस लागतेच. माझ्या मते जुन्या व्यवस्था अन्यायी असूनही एका बाबतीत शहाण्या होत्या: त्या फक्त शिकवत नव्हत्या, मुलाला जेवूही घालत होत्या.

गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र काही न बोलता बरेच सांभाळले. हार्मोनियम, पखवाज आणि टाळ देवळाचे, शिकवणारा गावातलाच, अभंग मराठी. मुलाला घराबाहेर फार जावे लागत नाही. शास्त्रीय संगीताची पहिली ओळख आजही अनेकांना इथेच होते.

2009 मध्ये डॉ. लुईस डायस यांनी पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केले. 2007 च्या लंडनमधल्या प्रॉम्स महोत्सवात दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेतोच्या बस्कैड वाद्यवृंदातली मुले वाजवताना त्यांनी पाहिली होती. ते या कामामागचे एक निमित्त. वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो ही वाद्ये शिकवायची, हा उद्देश. जी मुले ना कलावंत घरातली, ना चर्चच्या गायनवृंदातली, त्यांच्यापर्यंत पाश्चात्त्य वाद्ये पोहोचवणारे असे काम इथे नवे होते.

असे काम बाहेरून दिसते त्याहून खर्चिक असते. व्हायोलिन एकदा घेऊन भागत नाही: पाव, अर्धे, पाऊण आणि मग पूर्ण, असे हाताच्या वाढीप्रमाणे बदलावे लागते. त्यात गोव्याचा पावसाळा. दमट हवेत सरसाने जोडलेले सांधे उसवतात, तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडून सूर उतरतो. दुरुस्ती जाणणारे कारागीर मोजके आहेत आणि देणगीदार वाद्य आनंदाने देतात. दुरुस्तीला आणि शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराला पैसे मागितले की हात आखडतात.