पार्श्वभूमी : युरोपच्या रस्त्यावर अमेरिकन गाडी परकी का ठरली?

२७ जुलै २०२५ रोजी स्कॉटलंडमधल्या टर्नबेरी इथे अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात व्यापाराचा समझोता झाला. त्याआधी कित्येक महिने राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प एकच तक्रार करत होते. युरोपच्या मोटारी अमेरिकेत धडाधड खपतात, पण युरोपातले लोक आमच्या गाड्या घेत नाहीत. तक्रारीचा पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धाच खरा आहे, आणि तो अर्धा का, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकन गाडीबद्दलचं युरोपातलं ठरलेलं मत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी अवाढव्य, पेट्रोल पिणारी, सरळ रस्त्यावर राणी आणि वळणावर डोलणारी. हे मत चालवून पाहून बनलं असं आपण समजतो. माझ्या वाचनात मात्र पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की आधी कर आला, मग पेट्रोलचा भाव, मग रस्त्यांची रुंदी आणि दिव्यांचे नियम. त्यातून जे उरलं, ते लोकांचं मत झालं.

सुरुवातीला तर चित्र नेमकं उलट होतं. १९०८ साली इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या घेतल्या, ब्रुकलँड्सच्या धावपट्टीजवळ त्या पार सुट्या केल्या आणि तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळून टाकले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले नवे भाग ठेवले. मग साध्या पान्यांनी आणि स्क्रूड्रायव्हरने तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या आणि ५०० मैल पळवल्या. त्या काळी युरोपात प्रत्येक गाडीचा भाग कारागीर कानशीने घासून त्या गाडीपुरता बसवत असे. एका गाडीचा भाग दुसरीला चालेल, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. क्लबने कॅडिलॅकला मानाची ड्युअर ट्रॉफी दिली. म्हणजे अमेरिकन गाडीची युरोपातली पहिली मोठी ओळख काटेकोर बनावटीची होती.

दुसरी ओळख स्वस्ताईची. १९११ मध्ये फोर्डने मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये मॉडेल टी जोडायला घेतली आणि पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसणारी गाडी फोर्डची झाली. ती घेताना लोकांना आपण काही परकं घेतोय असं वाटत नव्हतं. डॉक्टर, शेतकरी, फिरते विक्रेते यांची ती रोजची गाडी होती.

हे चित्र फिरलं ते एका सूत्राने. जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर लागू झाला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून मोजत नसत. सिलिंडरच्या व्यासाचा इंचात वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. पिस्टन खाली-वर किती फिरतो, म्हणजे त्याचा स्ट्रोक किती, याचा हिशेबच नाही. मॉडेल टीचे सिलिंडर रुंद होते, त्यामुळे जेमतेम वीस अश्वशक्तीच्या त्या गाडीवर २३ पौंड बसले. पुढच्याच वर्षी आलेल्या ऑस्टिन सेव्हनला ८ पौंड पुरत. बाहेरून आलेल्या मोटारींवर १९१५ पासून तेहेतीस टक्क्यांहून जास्त आयातशुल्क होतंच. आता दरवर्षीचा भुर्दंडही आला.

या सूत्राचे परिणाम फार खोलवर गेले, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ब्रिटिश इंजिनिअर अरुंद सिलिंडरची आणि लांब स्ट्रोकची इंजिनं बनवू लागले, कारण कर त्यांनाच माफक पडे. अमेरिकेत पेट्रोल मुबलक आणि असा कर नाही, त्यामुळे तिथे मोठं, सावकाश फिरणारं, गिअर फारसे न बदलता गाडी ओढून नेणारं इंजिन वाढत गेलं. दोन्हीकडचे इंजिनिअर आपापल्या परीने हुशार होते. पण वीस-पंचवीस वर्षांत दोन वेगळ्या जातीच्या गाड्या तयार झाल्या, आणि ब्रिटिश चालकाला मोठं इंजिन म्हणजे उधळपट्टी वाटू लागली. १९४८ मध्ये हे सूत्र जाऊन सर्व नव्या मोटारींना सरसकट १० पौंड कर आला, पण तोवर सवय मुरली होती. फ्रान्सने १९५६ मध्ये करपात्र अश्वशक्तीनुसार चढणारा वार्षिक कर आणला. इटलीत दोन लिटरवरच्या इंजिनांना पुढे इतका जबर विक्रीकर लागला की खुद्द फेरारीला घरच्या गिऱ्हाइकासाठी दोन लिटरच्या आतली गाडी काढावी लागली.

अमेरिकन कंपन्या हे बघत बसल्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२५ मध्ये ब्रिटनची व्हॉक्सहॉल घेतली आणि १९२९ मध्ये जर्मनीच्या ओपेलचा मोठा हिस्सा घेतला. फोर्डने लंडनजवळ डॅगनहॅमला प्रचंड कारखाना बांधला आणि ऱ्हाइनकाठी कोलोनला दुसरा. कोलोनच्या कारखान्याची कोनशिला १९३० मध्ये हेन्री फोर्ड यांनी बसवली तेव्हा शेजारी शहराचे महापौर कॉनराड आडेनाउअर होते, पुढचे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर. १९३२ मध्ये फोर्डने मॉडेल वाय आणली. आठ करपात्र अश्वशक्तीची ही छोटी गाडी आखली गेली अमेरिकेत, पण युरोपसाठी. १९३५ मध्ये ती १०० पौंडांना मिळू लागली.

इथेच या गोष्टीची खरी मेख आहे. ज्या अमेरिकन गाड्या युरोपात खपल्या, त्या अमेरिकन म्हणून कुणी मोजल्याच नाहीत. फोर्डची कॉर्टिना ही ब्रिटिश माणसाची गाडी, फोर्डचीच टाउनुस आणि जनरल मोटर्सची ओपेल कॅडेट जर्मन माणसाच्या. १९६७ मध्ये फोर्डने ब्रिटन आणि जर्मनीचे कारभार एकत्र करून फोर्ड ऑफ युरोप उभी केली, आणि त्यानंतरच्या एस्कॉर्ट, फिएस्टा या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वापरल्या गेल्या. कॅप्रीचं उदाहरण तर बोलकं आहे. अमेरिकेत मस्टँग धो धो खपली, तीच कल्पना फोर्डने १९६९ मध्ये युरोपच्या मापाने कापून आणली आणि जवळपास १९ लाख कॅप्री विकल्या. मूळ मस्टँगला मात्र जर्मनीत स्वतःचं नावही लावता आलं नाही. ते नाव क्रुप कंपनीच्या मालकीचं असल्याने तिथे ती टी-५ म्हणून विकली गेली.

आपल्याकडेही याचा एक धागा येतो. १९९६ मध्ये महिंद्र-फोर्डने नाशिकला एस्कॉर्ट जोडायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने ती अमेरिकन कंपनीची गाडी म्हणून कौतुकाने पाहिली. ती मुळात युरोपातली एस्कॉर्ट होती. त्याच सुमाराला जनरल मोटर्सने भारतात आणलेली ॲस्ट्राही ओपेलच होती. त्याच्याही आधी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या, आणि पन्नाशीच्या दशकात त्याच आवारातून फिएट ११०० बाहेर पडू लागली. मुंबईची टॅक्सी पुढे त्या फिएटचीच झाली.

युद्धानंतरच्या युरोपात अमेरिकन गाडी स्वप्नासारखी आली. फ्रान्स, जर्मनी, इटली मोडून पडले होते. लोक सायकलवर, स्कूटरवर आणि बबलकार नावाच्या चिमुकल्या गोल गाड्यांमध्ये फिरत होते, आणि जर्मनीतल्या कैसर्सलाउटर्न, वीसबाडेन, हायडेलबर्गसारख्या गावांत अमेरिकन सैनिक घरून आणलेल्या शेव्हरोले आणि ब्यूक चालवत होते, तेही करमुक्त पेट्रोलवर. त्या क्रोमच्या झळाळीचा परिणाम युरोपच्या कारखान्यांवर लगेच दिसला. १९४८ च्या कॅडिलॅकने मागे माशाच्या परांसारखे उंचवटे आणले. दशकभरात ते व्हॉक्सहॉल क्रेस्टावर उगवले, फिएटच्या मोठ्या गाड्यांवर आले, आणि १९५९ मध्ये मर्सिडीजसारख्या गंभीर कंपनीनेही ते स्वीकारले. १९६० च्या शेव्हरोले कॉर्वेअरची कंबररेषा एनएसयू प्रिन्झ ४ आणि हिलमन इम्प या चिमुकल्या गाड्यांवर सरळ ओळखू येते. युरोपने अमेरिकन गाडी विकत घेतली नाही, पण तिच्याकडे टक लावून पाहिलं.

सगळेच बघत राहिले असं नाही. स्वीडन युद्धात पडला नव्हता, हाती पैसा होता. शिवाय एक गंमतशीर सोय होती. १९६७ पर्यंत तिथे वाहतूक डावीकडून चाले, तरी बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असे. त्यामुळे अमेरिकन गाडी जशीच्या तशी चालवता येई. पन्नाशीच्या दशकात तिथे ‘रागारे’ म्हणवणारी कामगार घरातली तरुण पोरं जुन्या अमेरिकन गाड्या घेऊन गावोगाव हिंडू लागली. सभ्य समाजाने नाकं मुरडली, पण त्या पोरांनी गाड्या जिवापाड जपल्या. वेस्टेरोसला वर्षानुवर्षं भरलेला पॉवर बिग मीट हा अमेरिकन गाड्यांचा प्रचंड मेळावा त्याच परंपरेतला. स्वित्झर्लंडमध्ये जनरल मोटर्सच्या बील इथल्या कारखान्यात १९३६ पासून १९७५ पर्यंत गाड्या जोडल्या जात. म्हणून ‘युरोपियन चालकाला अमेरिकन गाडी आवडत नाही’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. युरोप एक नाही, आणि गाडीची आवड वर्गावर आणि वयावरही ठरते.

चालवण्याबद्दलची तक्रार मात्र खोटी नव्हती. अमेरिकेतले रस्ते लांब, सरळ आणि पुढे वेगमर्यादेने बांधलेले. तिथे मऊ स्प्रिंग, हलकं स्टिअरिंग आणि मागे स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांवर बसवलेला अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, यांनी दिवसभराचा प्रवास सुखाचा होतो. हीच गाडी आल्प्सच्या घाटात किंवा जर्मनीच्या ऑटोबान या महामार्गावर ताशी १६० किलोमीटरच्या पुढे नेली, की ती लाटेवर चढल्यासारखी हलते आणि त्या काळचे ड्रम ब्रेक दोन-चार जोरदार दाबांत दमतात. इंजिनाबद्दल युरोपियनांच्या मनात असा किंतू कधीच नव्हता. फ्रान्सच्या फासेल व्हेगाने १९५४ पासून क्रायस्लरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. ब्रिटनच्या ब्रिस्टल आणि जेन्सनने तेच केलं, इटलीच्या इझोने शेव्हरोलेचं, दे तोमासोने फोर्डचं घेतलं. ब्यूकने टाकून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या साडेतीन लिटर व्ही-८ चे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले, आणि ज्या रेंज रोव्हरला जग अस्सल ब्रिटिश मानतं ती १९७० मध्ये त्याच इंजिनावर आली. ताकद अमेरिकेची, गाडीचा सांगाडा आणि चव आपली, अशी वाटणी युरोपने आनंदाने मान्य केली होती.

१९७३ च्या तेलसंकटाने उरलेसुरले ग्राहकही पळाले. नेदरलँड्स आणि जर्मनीत त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी रस्त्यावर आणायलाच बंदी होती. अशा वेळी पाच-सात लिटरची गाडी दारात असणं शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होतं.

याच्या जोडीला एक न दिसणारी भिंत उभी राहिली, नियमांची. १९५८ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मोटारींच्या सामायिक नियमांचा करार झाला. अमेरिका त्यात आली नाही. १९६६ च्या कायद्याने तिने स्वतःचे वेगळे नियम केले. युरोपात गाडी विकण्याआधी सरकारी मान्यता लागते, अमेरिकेत कंपनी स्वतःच ‘नियम पाळले’ असं जाहीर करते आणि तपासणी नंतर होते. फरक क्षुल्लक गोष्टींत दिसतो. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, युरोपात तो पिवळाच हवा. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत हेडलाइट ठरावीक मापाचे सीलबंदच असत, युरोपात त्यांचा झोत वेगळ्या आकाराचा लागे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळे असत. म्हणून हौसेने अमेरिकेतून शेव्हरोले कमॅरो मागवणाऱ्याला आधी दिवे बदलावे लागत, मग कागदपत्रं, मग सुट्या भागांची वाट. हौशी माणूस एवढं करतो, साधा गिऱ्हाईक नाही.

पुढची वाटचाल थोडक्यात. क्रायस्लरने फ्रान्सची सिम्का आणि ब्रिटनची रूट्स या कंपन्या घेऊन युरोपात पाय रोवायचा प्रयत्न केला आणि १९७८ मध्ये सगळं प्यूजोला विकलं. नव्वदीच्या दशकात ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये बनलेली क्रायस्लर व्हॉयेजर कुटुंबांना मनापासून आवडली. त्याउलट स्वीडनमध्ये तिथल्याच साब गाडीच्या पायावर बनलेली कॅडिलॅक बीएलएस लोकांनी नाकारली, कारण साबच हवी तर साबच घेता येत होती. जनरल मोटर्सने २००५ पासून युरोपात देवूच्या कोरियन गाड्यांवर शेव्हरोलेची पाटी लावली, २०१३ मध्ये ती मागे घ्यायचं जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये ओपेल-व्हॉक्सहॉलही विकून टाकली. फोर्डने मात्र २०१५ च्या मस्टँगला उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. वळणावरची जुनी तक्रार गेली आणि गाडी युरोपात चांगली खपली.

मग टेस्ला आली. २०२३ मध्ये तिची मॉडेल वाय युरोपातली सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली, तीही बर्लिनजवळच्या ग्रुनहाइडमध्ये बनणारी. इंजिनाच्या आकारावर कर बसवायचा तर इथे इंजिनच नव्हतं, आणि पेट्रोलच्या भावाचाही प्रश्न नव्हता. जुने दोन्ही अडसर नाहीसे होताच युरोपियन चालकाने अमेरिकन गाडी न कचरता घेतली. २०२५ मध्ये तिचा खप घसरला, त्याला चिनी स्पर्धा, जुन्या मॉडेलच्या जागी नवं येणं आणि मालकाच्या राजकारणावरचा राग अशी कारणं होती. ताशी १६० ला गाडी डोलते, हे कुणी म्हटलं नाही.

आता पुन्हा टर्नबेरीकडे. तोवर युरोपीय संघ बाहेरच्या मोटारींवर १० टक्के शुल्क लावत होता, अमेरिका एप्रिल २०२५ पर्यंत अडीच टक्के. पण पिकअप आणि व्हॅनवर अमेरिकेचं शुल्क १९६४ पासून २५ टक्के आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर बसवला होता, त्याचा तो बदला होता. ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात दोन्ही बाजूंनी एकमेकांची मोटारविषयक मानकं मान्य करण्याचा इरादा जाहीर केला. युरोपातल्या सुरक्षा संघटनांनी लगेच हरकत घेतली. पादचाऱ्याला धडक बसली तर बोनेट किती इजा करतं याची चाचणी युरोपात सक्तीची आहे, आणि रॅम किंवा एफ-१५० सारखे उंच नाकाचे पिकअप आज तिथे एकेका गाडीची सुटी परवानगी घेऊनच येतात. ती पळवाट राजमार्ग होऊ द्यायची की नाही, हा आता तिथल्या वादाचा मुद्दा आहे.