टेस्ट सर्टिफिकेटवरचा तिसरा आकडा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल, चॅनेल किंवा प्लेट उचलली की मालासोबत एक कागद मागायचा असतो: मिल टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर असतो (माल भट्टीच्या कोणत्या घाण्यातला, ते सांगणारा), कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसचं प्रमाण असतं आणि पुढे तीन आकडे. यील्ड (ज्या ताणाला माल कायमचा लांबू लागतो तो), यूटीएस (तुटण्याआधी सोसलेला कमाल ताण) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबी किती टक्के वाढली ते). बहुतेक जण पहिले दोन वाचून कागद फाइलला लावतात. माल किती मजबूत, ते तिथे कळतं. पण माइल्ड स्टीलच्या, म्हणजे एमएस या कमी कार्बनच्या नेहमीच्या पोलादाच्या बाबतीत मी आधी तिसरा आकडा बघेन. नुसती मजबुतीच हवी असती तर एमएस कुणी घेतलंच नसतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट ताण सोसणारं पोलाद बाजारात मिळतं. एमएसची खरी किंमत आहे ती तुटण्याआधी भरपूर लांबण्यात.

हे तिन्ही आकडे एकाच चाचणीतून निघतात. मुंबईत इंजिनिअरिंग केलेल्या सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी ती एसओएमच्या (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) प्रॅक्टिकलला पाहिलेली असते, निदान जर्नलमध्ये तरी उतरवलेली असते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून गल्लीतल्या खासगी लॅबपर्यंत सगळीकडे यंत्र तेच, यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन). वरच्या आणि खालच्या जबड्यात नमुना पकडायचा आणि तो तुटेपर्यंत सावकाश ओढायचा. सावकाश हे महत्त्वाचं. घाईने ओढलं की यील्डचा आकडा फुगतो, म्हणून वेगाची मर्यादा आयएस 1608 या भारतीय मानकात घालून दिलेली आहे.

समजा, लेथवर कातून 10 मिमी व्यासाचा गोल नमुना केला. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस मिमी. त्यावर 50 मिमी अंतरावर पंचने दोन खुणा करायच्या. ही गेज लेंथ. बांधकामाच्या नेहमीच्या ई 250 पोलादाकडून आयएस 2062 या मानकाची अपेक्षा आहे ती अशी: यील्ड किमान 250 मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिमीला 250 न्यूटन (जाड मालाला थोडी सूट), यूटीएस किमान 410 आणि इलाँगेशन किमान 23 टक्के. म्हणजे करंगळीएवढ्या या तुकड्याने दोन टनांपर्यंत दाद द्यायची नाही आणि सव्वातीन टनांच्या आत तुटायचं नाही.

सुरुवातीला डोळ्यांना काहीच दिसत नाही. भार वाढत जातो, त्याच प्रमाणात लांबीही वाढते, पण किती? दोन टनांपाशी पोचेपर्यंत 50 मिमीमध्ये जेमतेम 0.06 मिमी. ती मोजायला एक्स्टेन्सोमीटर लावावा लागतो. या टप्प्यात भार काढला तर नमुना होता तसा होतो.

आणि मग भार दाखवणारा काटा अडखळतो. पंप चालू आहे, जबडे सरकताहेत, पण भार वाढायचा थांबतो, किंचित मागेही येतो. हा यील्ड पॉइंट. बाजारातली काळी सळई न सोलता तशीच लावली असेल तर याच क्षणी तिच्यावरच्या गरम रोलिंगच्या काळ्या थराचे पापुद्रे सुटून खाली पडू लागतात. पोलाद आतून सरकू लागल्याची ही नुसत्या डोळ्यांना दिसणारी खूण. घासून चकचकीत केलेल्या पट्टीवर तिरके पट्टे उमटतात आणि पुढे पुढे पसरत जातात. लूडर्स पट्टे म्हणतात त्यांना.

इतका ठळक अडखळा ॲल्युमिनियमला नसतो, तांब्यालाही नसतो. एमएसलाच का? पोलादाच्या स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत जागोजागी दोष असतात. 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडलं की धातू वाकतो तो या दोषांच्या सरकण्यामुळे. लग्नाच्या हॉलमध्ये अंथरलेलं मोठं जाजम अख्खं ओढायला दहा माणसं लागतील. त्याला एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत नेली तर एकट्याला जमतं. अणूंच्या रांगा अशाच, सुरकुतीसुरकुतीने सरकतात. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन जेमतेम पाव टक्का, बहुधा त्याहूनही कमी. पण त्यातले काही कार्बनचे आणि नायट्रोजनचे अणू नेमके या दोषांभोवती जमून बसतात आणि त्यांना जखडतात. 1949 मध्ये कॉट्रेल आणि बिल्बी यांनी हा हिशेब मांडला. जखडलेला दोष सुटायला जास्त बळ लागतं, एकदा सुटला की चालत राहायला कमी. म्हणून भार आधी चढतो आणि मग घसरतो.

याचा एक सुरेख पडताळा आहे. यील्ड ओलांडल्यावर भार काढा आणि लगेच पुन्हा ओढा: काटा आता अडखळत नाही. तोच नमुना उकळत्या पाण्याच्या तापमानाला काही तास ठेवून पुन्हा ओढा: अडखळा परत येतो, तोही आधीपेक्षा वरच्या भाराला. मधल्या वेळात कार्बनचे अणू चालत जाऊन पुन्हा दोषांना चिकटलेले असतात. घन पोलादात अणू चालतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

यील्डनंतर पोलाद उलट कडक होत जातं. दोष एकमेकांत गुंततात, भार पुन्हा चढू लागतो आणि सळई आता डोळ्यांदेखत लांबते. सव्वातीन टनांच्या पुढे कुठेतरी काटा शिखर गाठतो. जुन्या डायलच्या यंत्रांत दुसरा एक काटा तिथेच राहतो, तो यूटीएससाठी वाचायचा. पहिला मात्र परत फिरतो, कारण नमुन्याला एका ठिकाणी मान पडलेली असते. भार कमी झाला म्हणून पोलाद अशक्त झालं असं नाही. मानेपाशी छेद झपाट्याने आकसतो. आपण मात्र भाराला मूळच्या 78.5 ने भागत बसतो. तिथला खरा ताण वाढतच असतो. मानेच्या पोटात, गंधकाच्या संयुगांसारख्या बारीक कणांभोवती पोकळ्या उघडतात, एकमेकींना मिळतात आणि धाडकन आवाज होतो. एका तुकड्यावर वाटी, दुसऱ्यावर तिच्यात बसणारा शंकू. मानेला हात लावला तर ती चांगली गरम लागते.

आता तिसरा आकडा. दोन्ही तुकडे जुळवून ठेवायचे आणि व्हर्नियरने पंचच्या खुणांमधलं अंतर मोजायचं. 50 चे निदान 61.5 मिमी झाले तर 23 टक्के. इथे एक गोम आहे. या लांबीतला मोठा वाटा एकट्या मानेचा असतो, त्यामुळे गेज लेंथ आखूड धरली की टक्केवारी आपोआप वाढते. म्हणूनच गोल नमुन्याला व्यासाच्या पाचपट हा नियम आहे. रिपोर्टवर गेज लेंथ लिहिलेली नसेल तर मी तो आकडा धरणार नाही.

या 23 टक्क्यांचं करायचं काय? भोक पाडलेली प्लेट घ्या. ओढली की भोकाच्या कडेला सरासरीच्या जवळपास तिप्पट ताण येतो. ठिसूळ धातूला तिथून तडा गेला असता. एमएसची कड मात्र यील्ड होते, थोडी लांबते आणि वरचा भार शेजारच्या धातूवर टाकते. प्रत्येक बोल्टपाशी, प्रत्येक वेल्डपाशी हे चालू असतं. आणि भार खरोखरच जास्त झाला तर गर्डर आधी वाकतो, म्हणजे खालच्या माणसांना पळायला वेळ मिळतो.

स्लॅबच्या सळईतही हाच हिशेब. साध्या गोल एमएसच्या जागी आधी पिळाच्या टॉर सळया आल्या. थंड पिळल्याने यील्डचा आकडा वाढला, पण लांबण घटली आणि अडखळाही गेला, मग 0.2 टक्के कायमची लांबी वाढवणारा ताण यील्ड म्हणून धरावा लागला. आजच्या टीएमटी सळईत (रोलिंगनंतर पाण्याने झटपट थंड केलेली) आयएस 1786 प्रमाणे फे 500 या ग्रेडला इलाँगेशन किमान 12 टक्के, फे 500 डी ला 16. त्या 'डी'साठी जास्त पैसे मोजतात ते याच चार टक्क्यांकरता.

चाचणीला न दिसणारी गोष्ट म्हणजे गंज, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तीच मोठी. 10 मिमीची सळई गंजून 8 ची झाली की व्यास 20 टक्के घटतो, क्षेत्रफळ मात्र 36 टक्के. इतकी तरी वजाबाकी सरळ आहे. पण गंज खड्डे पाडत जातो, सगळा ताण सर्वांत खोल खड्ड्यापाशी एकवटतो, तिथेच मान पडते आणि बाकीची सळई न लांबताच राहते. अशा सळईत ताकदीपेक्षा लांबण लवकर संपते. 30 वर्षांहून जुन्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यात सळईचा तुकडा काढून लॅबला पाठवलाच तर रिपोर्टमध्ये यील्ड-यूटीएससोबत इलाँगेशनही मागून घ्यावं.