अल्फारो गेल्यावर: पुण्याच्या संघाचा शेवटचा हंगाम आणि त्यामागची बारा वर्षं

२०१९च्या जानेवारीत एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबचा उरुग्वेचा स्ट्रायकर एमिलियानो अल्फारो लोनवर, म्हणजे तात्पुरता, कोलकात्याच्या एटीके क्लबकडे गेला. आदल्या हंगामात त्याने पुण्यासाठी ९ गोल केले होते आणि त्या गोलांच्या जोरावर संघाने पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगची (आयएसएल) उपांत्य फेरी गाठली होती. तो गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघच उरला नाही. बालेवाडीच्या स्टेडियमला नेमाने जाणारे अनेक जण या दोन्ही गोष्टी आजही एका दमात सांगतात: अल्फारो गेला, क्लब बुडाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. त्या आधीच्या बारा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा मात्र हे गणित जुळेना.

हिशेबाची सुरुवात २००७ पासून करावी लागते. त्या वर्षी अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब काढला; एफसी पुणे सिटीहून तो वेगळा. पुण्यात फुटबॉल त्याआधीही होताच. खडकीतल्या लष्करी पलटणींचे संघ होते, कॅम्पातले जुने क्लब होते, एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीगचे सामने होत होते. पण देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळणारा पुण्याचा म्हणावा असा संघ नव्हता. पुणे एफसी दुसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि २००९-१० मध्ये आय-लीग या तेव्हाच्या पहिल्या श्रेणीतल्या आपल्या पहिल्याच हंगामात थेट तिसरा आला. गोवा आणि कोलकाता या दोन गावांची मक्तेदारी असलेल्या खेळात हे मोठंच यश होतं. अराता इझुमी त्याच काळात महिंद्रा युनायटेडमधून इथे आला. वडील भारतीय, आई जपानी. भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. पुण्याच्या फुटबॉलप्रेमींनी एखाद्या खेळाडूला मनापासून आपला मानलं असेल, तर तो अराता.

२०१२-१३ मध्ये पुणे एफसी उपविजेता ठरला. विजेता चर्चिल ब्रदर्स. त्या हंगामात गोलांचा मुख्य भार जेम्स मोगावर होता. दक्षिण सुदान या नव्या देशाने पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यात गोल करणाऱ्यांपैकी हा एक. अंगाने दांडगा, पाठीवर बचावपटू घेऊन वळणारा. हंगाम संपला तसा मोगा ईस्ट बंगालकडे गेला. संघ ज्यांनी बांधला ते प्रशिक्षक डेरिक परेराही साळगावकरकडे गेले. मुख्य गोल करणारा आणि मुख्य प्रशिक्षक, दोघंही एकाच उन्हाळ्यात गेले, आणि समोर क्लबच्या इतिहासातला पहिला एएफसी चषक, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, होता.

याच ठिकाणी मी थबकतो, कारण स्टार गेल्याने क्लब बुडतो हे खरं असेल, तर पुणे एफसी तेव्हाच बुडायला हवा होता. तसं झालं नाही. नेदरलँड्सचे माइक स्नुई प्रशिक्षक म्हणून आले, २०१४ मध्ये संघ हाँगकाँगचा किची, सिंगापूरचा टँपिनीस रोव्हर्स यांच्याशी खेळला आणि त्याच वर्षी ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे तो साळगावकरकडून ०-१ हरला, पण अंतिम सामना तो अंतिम सामना. हे शक्य झालं त्यामागे देहूरोडजवळच्या मामुर्डीतली अकादमी होती. क्लबची कनिष्ठ गटातली पोरं देशपातळीवर विजेतेपदं मिळवत होती. वरचा एखादा खेळाडू गेला की खालून कुणी ना कुणी सरकत होतं. मैदानाची देखभाल, फिजिओ, कनिष्ठ संघांचे प्रशिक्षक, प्रवासाची व्यवस्था हे सगळं जागच्या जागी राहत होतं. मोगाची जागा कुणी भरली नाही, आणि तरी क्लब हलला नाही.

तो संपला २०१५ मध्ये, आणि संपला तेव्हा मैदानावर काही बिघडलेलं नव्हतं. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. टीव्ही, जाहिरात, परदेशी नावं सगळी तिकडे वळली आणि आय-लीगमध्ये पैसा घालणाऱ्यांना आपण मागच्या बाकावर ढकलले गेल्याचं कळून चुकलं. मालकांनी वरिष्ठ संघ बंद केला. पुण्यातून आय-लीग खेळणारा कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकाच हंगामात आटोपला. १९८७ पासून शहरात खेळणाऱ्या शिवाजियन्सला डीएसके समूहाचं पाठबळ मिळालं आणि डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळला. २०१७ मध्ये तेही थांबलं. लोणी काळभोरच्या त्यांच्या लिव्हरपूल अकादमीतून जेरी लालरिनझुआला तयार झाला आणि २०१६ मध्ये आयएसएलचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला, चेन्नईयिनच्या जर्सीत. लालियानझुआला छांगतेही याच क्लबकडून खेळून पुढे गेला. आज भारतीय संघाच्या आक्रमणात त्याचं नाव पहिल्या दोघा-तिघांत घ्यावं लागतं.

एफसी पुणे सिटीची गोष्ट याला समांतर चालते. २०१४ मध्ये राजेश वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या मालकीचा हा संघ आयएसएलमध्ये उतरला, सोबत इटलीचा फिओरेंतिना क्लब होता. पहिल्या वर्षीचा मार्की, म्हणजे संघाचा मुख्य आकर्षण असलेला खेळाडू डेव्हिड त्रेझेगे, फ्रान्सचा विश्वविजेता. पुणे-मुंबई या पहिल्या महाडर्बीत मुंबईने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ५-० असं धुतलं, आंद्रे मोरित्झने आयएसएलच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक त्याच दिवशी केली. हंगामाअखेर पुणे सहावा. दुसऱ्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुतू आणि प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट. सुरुवात झकास झाली, शेवटी सातवा. एकेकाळी युरोप गाजवलेला, कारकिर्दीच्या उतारावरचा माणूस दोन-तीन महिन्यांसाठी आणायचा आणि त्याच्या फोटोवर तिकिटं विकायची, ही तेव्हा सगळ्या लीगचीच रीत होती. पुण्याला तिचा सर्वात मोठा फटका २०१६ मध्ये बसला. आइसलँडचा आयदुर गुडयॉनसन, चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेला, मार्की म्हणून करारबद्ध झाला आणि हंगाम सुरू होण्याआधीच दुखापतीने बाद. त्याच्या जागी मोहम्मद सिसोको. नवे प्रशिक्षक अँतोनियो हाबास यांनी लीगच्या पहिल्या वर्षी कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं होतं, पण जुन्या शिक्षेमुळे पहिले चार सामने ते संघाच्या बाकावर बसू शकले नाहीत. घरच्या मैदानावर पहिलाच सामना मुंबईकडून ०-१ हरला. शेवटी पुन्हा सहावा.

त्याच २०१६ मध्ये क्लबने एक काम मात्र फार चांगलं केलं. पुणे एफसीची मामुर्डीची अकादमी विकत घेतली. आशिक कुरुनियन हा केरळचा पोरगा त्याच अकादमीतला. त्याला स्पेनला व्हियारेआलच्या तिसऱ्या संघाकडे शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर थेट वरिष्ठ संघात घेतलं.

२०१७-१८ या हंगामाबद्दल लिहिताना मला आवरतं घेणं जड जातं. सर्बियाचे रांको पोपोविच प्रशिक्षक. आदल्या वर्षी दिल्लीकडून सर्वाधिक गोल करणारा ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्टकडून खेळून गेलेला अल्फारो एकत्र आले. मार्सेलिन्यो डावीकडून आत वळायचा, चेंडू पायाशी चिकटून असायचा, आणि तो मान वर करून बघेपर्यंत अल्फारोने दोन बचावपटूंच्या मधली फट हेरलेली असायची. उजवीकडून दिएगो कार्लोस धावायचा, मागे आदिल खान आणि गोलमध्ये विशाल कैथ. डिसेंबरच्या शेवटी नॉर्थईस्टविरुद्ध मार्सेलिन्योची हॅटट्रिक झाली आणि निकाल लागला ५-०. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी आहे, खेळ लांबूनच बघावा लागतो. त्या संध्याकाळी ते अंतर कुणाला जाणवलं नाही. ऑरेंज आर्मी या समर्थकांच्या गटाचा ढोल आणि बाकीच्या स्टँडांचा आवाज पहिल्यांदाच एका ठेक्यात आला होता. मार्सेलिन्योचे ८ आणि अल्फारोचे ९, दोघांचे मिळून १७ गोल झाले. ३० गुणांसह संघ चौथा आला. उपांत्य फेरीत बंगळुरूविरुद्धचा पहिला सामना पुण्यात ०-० सुटला. बंगळुरूला सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि पुणे १-३ हरलं.

तिथून पुढे काय करायचं, हे मैदानावर खरं तर सरळ होतं. जोडी टिकली होती, कुरुनियन मोठा होत होता. पण पोपोविच गेले. त्यांच्या जागी ऑगस्ट २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल आले, आदल्या हंगामात ते दिल्लीला होते. पहिल्या सामन्यात दिल्लीशी १-१. मग मुंबईत ०-२. मग घरच्या मैदानावर बंगळुरूकडून ०-३. तीन सामन्यांनंतर पोर्तुगाल यांना काढलं. सहायक प्रद्युम्न रेड्डी यांनी सूत्रं घेतली, आणि आशियाई चषकासाठी लीग थांबली तेव्हा डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. २००८ मध्ये हल सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेणारे हेच. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत तीन माणसांनी संघ हाताळला. प्रत्येकाची धावायची पद्धत वेगळी, बचावाची रेषा वेगळी. अल्फारोसारख्या खेळाडूला याचा सर्वात जास्त त्रास होतो. त्याचा खेळ पास कधी आणि कुठून येणार याच्या अंदाजावर उभा असतो. मागची मधली फळी दर महिन्याला बदलत गेली की तो अंदाज चुकतो. आदल्या वर्षीसारखे गोल पडेनात, आणि जानेवारीत खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत होती, त्यात तो एटीकेला गेला.

गंमत नव्हे, खरोखर लक्षात घ्यायची गोष्ट अशी की अल्फारो गेल्यावर संघ कोसळला नाही. ब्राउन यांनी बचाव घट्ट केला, मार्सेलिन्यो होताच, कुरुनियन भारताकडून आशियाई चषक खेळून परतला होता. संघाने २२ गुण मिळवले आणि दहा संघांत सातवा आला. खाली दिल्ली, केरळ आणि गतविजेता चेन्नईयिन होते. मोगा गेल्यावर पुणे एफसीचं जे झालं, साधारण तेच.

मोडलं ते मैदानाबाहेर. २१ सप्टेंबर २०१८ या दिवशी क्लबचे मालक असलेल्या वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त घसरला. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने कर्ज थकवल्यानंतर सगळ्याच बिगर-बँक वित्तसंस्थांवर संशयाची सावली पडली होती. पुण्याचा हंगामातला पहिला सामना त्यानंतर बरोबर बाराव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला झाला. २०१९च्या जूनमध्ये डीएचएफएलने व्याजाचे हप्ते थकवले, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. मधल्या ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणीतला एफसी पुणे सिटी बंद झाला आणि २७ ऑगस्टला त्याच्या जागी हैदराबाद एफसीची घोषणा झाली.

‘त्याच्या जागी’ हे शब्द नीट वाचावेत. आयएसएलमध्ये तेव्हा खालच्या श्रेणीत जाणं नव्हतं आणि संघाची जागा हा मुळात एक करार होता. मालक थकला की करार दुसऱ्याकडे जायचा, आणि दुसरा ज्या शहरात असेल तिथे संघ जायचा. पंढरपूरची वारी पालखी घेऊन निघते पण देऊळ जागेवर राहतं. इथे देऊळच उचलून नेलं. बारा वर्षं शहराने या ना त्या संघाला टाळ्या दिल्या, पण त्यातल्या एकाही क्लबमध्ये पुणेकराची चार आण्यांची भागीदारी नव्हती. समर्थकांची संघटना, जुने खेळाडू, जिल्हा फुटबॉल संघटना, कुणाचाच मालकीत वाटा नव्हता. म्हणून कुणाला विचारायचा प्रश्नही आला नाही. मला याचा अजून राग येतो. अल्फारो गेला त्याचं वाईट वाटलं होतं, राग आला नव्हता. खेळाडू येतात आणि जातात, त्यांचं पोट त्यावर आहे.

ब्राउन आणि मार्सेलिन्यो हैदराबादला गेले. पहिलाच सामना कोलकात्यात ०-५ हरले आणि तो हंगाम हैदराबादने तळाशी संपवला. कुरुनियन बंगळुरूला, कैथ चेन्नईला, सार्थक गोलुई मुंबईला.

२०२२च्या फेब्रुवारीत बालेवाडीला महिला आशियाई चषकाचा उपांत्य सामना झाला, चीनने जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. आशियातल्या मोठ्या सामन्याला पुरेल असं मैदान गावात होतं, खेळणारा क्लब नव्हता. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. विजेत्या संघात निखिल पुजारी होता. २०१८-१९च्या त्या हंगामात तो पुण्याच्या नारिंगी जर्सीत उजव्या बाजूने धावत असे.