खान्देशातल्या थंडीत गाजर गोड का होतं?

जानेवारीत जळगाव-धुळ्याच्या बाजारात लालबुंद गाजरांचे ढीग लागले की विकणाऱ्या मावशी हमखास सांगतात, थंडी पडलीय, आता गाजर गोडच निघणार. अगदी बरोबर आहे त्यांचं, आणि त्यामागचं कारण मला तरी फार आवडतं.

दिवसा पानं उन्हात साखर बनवतात, थोडी वाढीला लागते आणि उरलेली खाली मुळात साठते. पण रात्री पण झाड जिवंतच असतं ना, त्याचं श्वसन चालू असतं आणि त्यात साखर जळते. किती जळणार ते तापमानावर, ढोबळ हिशोब असा की पारा १० अंशांनी चढला की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट. आता आपला जानेवारी बघा, दिवसा स्वच्छ ऊन, पारा २८-३० ला आणि रात्री १० च्या आसपास, कधी त्याच्याही खाली, म्हणजे कमाई पूर्ण आणि खर्च कमी, मग साखर मुळातच राहते. मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे रात्रीत साखर जास्त जळते.

बर्फाळ देशांत थंडी अजून एक काम करते. तिकडे पार्सनिप नावाचं पांढरट मूळ मुद्दाम कडाक्याची थंडी, बर्फ पडेपर्यंत शेतातच ठेवतात, कारण थंडी लागली की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. गोठण्यापासून वाचायला झाड हे करतं: साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गोठतं, हे एक कारण, पण तेवढ्यावर भागत नाही. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तरी गोठणबिंदू जेमतेम १.८६ अंशांनी खाली जातो. साखरेचं दुसरं काम म्हणजे गारठ्यात पेशींची नाजूक आवरणं फाटू न देणं. आपल्याकडे पारा सहसा तिथपर्यंत उतरतच नाही, म्हणून आपलं गाजर गोड होतं ते मुख्यतः रात्रीचा खर्च वाचतो म्हणून.

आणि गोडी म्हणजे नुसती साखर नाही. गाजराचा तो उग्र वास टर्पिन नावाच्या द्रव्यांचा असतो, उष्ण हवेत वाढलेल्या गाजरात ती जास्त तयार होतात आणि असलेली गोडी झाकून टाकतात. थंडीत साखर जास्त, उग्रपणा कमी, दोन्हीकडून फायदा. आता एक गोष्ट जी केळीच्या मुलखात सगळ्यांना माहिती असायला हवी: पिकत्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो लागला की गाजर स्वतःच कडू द्रव्य बनवायला लागतं. टोपलीत केळी आणि गाजरं एकत्र नकोत.

मुळ्याची गोष्ट वेगळीच. भरीत आणि कळण्याच्या भाकरीबरोबर मुळा चावला की पहिला क्षण नुसता गार रसाळ लागतो आणि मग झणझणीत नाकात जातो, तो क्षणाचा उशीर नीट लक्ष देऊन अनुभवा. तिखटपणा मुळ्यात तयार नसतोच, दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात, चावल्यावर पेशी फुटतात, ते एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होतं. उन्हाच्या ताणात, पाणी कमी पडलं की मुळा जास्त जहाल होतो, थंडीत भरपूर पाण्यावर वाढलेला सौम्य आणि कुरकुरीत. सालीत तिखटपणा जास्त, पोरांना द्यायचा तर सोलून द्या.

पण सगळ्यांनाच थंडी मानवते असं नाही. रताळं मूळचं उष्ण प्रदेशातलं, १२-१३ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतून बिघडतं, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवूच नका. त्याला गोडी येते ती भाजताना, हळूहळू तापवलं की त्यातलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, म्हणून निखाऱ्यात भाजलेलं रताळं घाईत उकडलेल्यापेक्षा गोड.

बटाटा मूळ नाही, खोड आहे, पण थंडीत त्याच्याही स्टार्चची साखर होते. फ्रिजमधला बटाटा गोडसर लागतो आणि तळला की कीस किंवा चिप्स लगेच काळपट आणि कडवट होतात. त्यातच अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य जास्त तयार होतं, अन्नात ते असतं हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झालं. तळायचे बटाटे बाहेरच, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवा, आणि चुकून फ्रिजमध्ये राहिलेच तर काही दिवस बाहेर काढून ठेवा, त्यातली बरीचशी साखर कमी होते.