दाण्याच्या रश्शात रामेन: हे जोडकाम आलं कुठून

मागच्या हिवाळ्यात अमळनेरला घरी होतो तेव्हा एक प्रयोग केला. दाण्याची पेस्ट, टोमॅटो, आलं आणि लाल मिरची घालून पश्चिम आफ्रिकेत करतात तसा रस्सा, शेवटी त्यात ऑनलाइन मागवलेला जपानी मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट, विरघळवला आणि वरून नूडल्स. आई पातेल्यात डोकावली, "हाई काय शे रे?" मग वाटीभर चाखून म्हणाली की दाण्याच्या आमटीत शेवया टाकल्या एवढंच ना, त्याला एवढं नाव कशाला. तेव्हा मी वाद घातला, पण नंतर या सगळ्या वस्तू कुठून कुठे गेल्या ते वाचत गेलो तसं वाटायला लागलं की बाई फारशी चुकली नव्हती.

आधी नूडल्सचं बघू. रामेन म्हणजे अस्सल जपानी असं आपण धरून चालतो, पण तो मुळात चिनी. 1859 मध्ये योकोहामाचं बंदर परदेशी व्यापाराला उघडलं, तिथे चिनी लोकांची वस्ती झाली आणि त्यांच्याबरोबर गव्हाच्या नूडल्स आल्या. मग 1910 मध्ये ओझाकी कानइची नावाच्या माणसाने, जो आधी कस्टममध्ये नोकरीला होता, टोकियोच्या आसाकुसा भागात राईराईकेन नावाचं हॉटेल काढलं आणि आचारी आणले योकोहामाच्या त्या चिनी वस्तीतूनच. म्हणजे हा पदार्थ जन्मापासूनच फ्यूजन आहे, आपण उगाच फ्यूजन म्हटलं की नाक मुरडतो.

या नूडल्सना तो पिवळेपणा आणि चिवटपणा येतो कशामुळे, तर कानसुई नावाच्या खाराच्या पाण्यामुळे. सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट, बस. आता उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि बिबडे करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून हसू येणारच, कारण आपला पापडखार त्याच जातीचा. खाराने पीठ आवळून येतं, चावायला दात लागतो, आणि गव्हाच्या पिठात पडला की त्यातलाच एक रंग पिवळा होऊन वर येतो. मी नूडल्स घरी केल्या तेव्हा चिमूटभर पापडखारच टाकला, चालला. जरा जास्त पडला की मात्र साबणासारखी चव येते, पहिल्या घाण्याला ते झालंच.

रामेन खरा घरोघर पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1945 ला भात पार बुडाला होता, अमेरिकन ताब्यातल्या जपानमध्ये अमेरिकेचा गहू यायला लागला, चीन आणि मांचुरियातून परतलेले लोक गाड्या लावून बसले आणि काळ्या बाजारात नूडल्सच्या रांगा लागल्या. तसल्याच रांगा पाहून मोमोफुकु आंदो या माणसाच्या डोक्यात पुढची कल्पना आली म्हणतात, 1958 मध्ये त्याने तळून वाळवलेल्या इन्स्टंट नूडल्स काढल्या आणि 1971 मध्ये कप नूडल्स. उपासमारीत परका गहू खावा लागला आणि त्याची सवय झाली, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको. 1972 च्या दुष्काळातली अमेरिकेची लाल मिलो आमच्याकडे अजून नावं ठेवून आठवतात. गंमत अशी की मिलो म्हणजे ज्वारीच, आणि ज्वारी मूळची आफ्रिकेची, अमेरिकेतसुद्धा ती आफ्रिकेतूनच गेली.

आता रश्श्याची चव. 1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट नावाचा पदार्थ वेगळा काढला, त्याच्या भरून येणाऱ्या रुचकर चवीला उमामी नाव दिलं, आणि दुसऱ्याच वर्षी आजिनोमोटो बाजारात आलं, तेच ते, चायनीजच्या गाडीवर डब्यात असतं ते. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशात दुसरा एक पदार्थ शोधला, इनोसिनेट. हे दोन एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते, कोंबू आणि सुका बोनिटो उकळून करतात त्या दाशी नावाच्या जपानी रश्श्याचं सगळं गुपित एवढंच.

पण हे एकट्या जपानला सुचलं असं बिलकुल नाही. पश्चिम आफ्रिकेत पार्किया नावाच्या झाडाच्या बिया शिजवून आंबवतात, घानाकडे आणि उत्तर नायजेरियात त्याला दावादावा म्हणतात, योरुबा लोक इरू म्हणतात, माली आणि बुर्किना फासोकडे सुंबाला. वास असा की खोलीत कोणी थांबणार नाही, पण भाजीत चिमूटभर पडला की रस्सा भरून येतो. जपानचा नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ज्या जिवाणूने आंबतो, बॅसिलस सबटिलिस, मुख्यतः तोच इथेही काम करतो. शिवाय तिकडे सुकी कोळंबी कुटून टाकायची पद्धत आहेच. आपल्याकडे आठवडे बाजारात सुकट मिळते, मी दाशीच्या जागी तीच भाजून उकळवली, आणि सांगतो, कोंबूची फार आठवण आली नाही. शेजारच्यांना वास आला ते सोडा.

सगळ्यात लांबचा प्रवास शेंगदाण्याचा. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत गेला. तिथे जमिनीत शेंगा धरणारं बांबारा नावाचं एक गावठी पीक आधीपासून होतंच, त्यामुळे या पाहुण्याला कोणी परकं मानलं नाही. त्यातून दाण्याचा दाट रस्सा आला, मालीमध्ये तिगादेगेना, सेनेगलमध्ये माफे, गांबियात दोमोदा, घानात नकातेनक्वान. पुढे 1840 नंतर फ्रेंचांना तेल आणि साबणासाठी दाणा हवा झाला, फ्रान्सच्या मार्से बंदरातल्या कारखान्यांकडे सेनेगलचा दाणा जहाजांनी जायला लागला, शेतकऱ्याने खायचं धान्य सोडून भुईमूग लावला, आणि मग पोट भरायला फ्रेंचांच्याच इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाकडून, तुकडा तांदूळ यायला लागला. कापसाच्या मागे लागून ज्वारी कमी केलेल्या खान्देशाला ही गोष्ट फार लांबची वाटायची नाही.

त्याच इंडोचायनाच्या वाटेने आशिया आणि आफ्रिका एका स्वयंपाकघरात आले. फ्रेंच सैन्यातले सेनेगली शिपाई 1946 ते 1954 च्या युद्धात व्हिएतनाममध्ये लढले, काहींनी तिथे लग्नं केली, बायका सेनेगलच्या राजधानीत, डाकारला आल्या आणि नेम नावाचे तळलेले रोल घेऊन आल्या. आज ते डाकारचं रोजचं खाणं आहे. म्हणून हे दाणा-मिसो वगैरे कोणा शेफने परवा शोधलं म्हणतात तेव्हा मला पटत नाही. हा, मिसो आणि माफे एका वाटीत घालणं नवीन असेल, पण आंबवलेली वस्तू, सुका मासा आणि तेलबियांची पेस्ट ही तीन माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती.

जपानने स्वतःसुद्धा तेलबियांचा रस्सा केलेला आहेच. चीनच्या सिचुआनचा दानदान नूडल्स हा पदार्थ तिकडून आलेल्या चेन केनमिन यांनी जपानी जिभेसाठी तिळाची पेस्ट आणि सूप घालून बदलला, त्याला तानतानमेन म्हणतात. आता जपानमध्ये तीळ जवळपास सगळाच बाहेरून येतो आणि त्यातला बराचसा नायजेरिया, टांझानिया, बुर्किना फासो अशा देशांतून. म्हणजे टोकियोत बसून तानतानमेन खाणारा माणूस आफ्रिकेचा माल घातलेलंच सूप पितो, फक्त मेनूवर तसं लिहीत नाहीत. भेंडीचंही तसंच, जपानीत तिला ओकुरा म्हणतात, आणि इंग्रजीमार्गे आलेलं ते नाव मूळ नायजेरियातल्या इग्बो भाषेतलं.

आणि आपलं काय, तर ज्वारी सुदानकडची, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची, दोन्ही साधारण 4000 वर्षांपूर्वी इकडे आल्या असं पुरातत्त्ववाले सांगतात. चवळीही आफ्रिकेचीच. मालीत आजही दाण्याच्या रश्श्याबरोबर बाजरीचा घट्ट शिजवलेला गोळा खातात.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला रस्सा तिने गरम केला, नूडल्स काढून माझ्या ताटात वाढल्या, आणि स्वतःच्या वाटीत बाजरीची भाकर चुरली.